‘अप फ्रॉम स्लेव्हरी’ : स्वावलंबनाची कथा आणि तिचा श्रोता

अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील टस्कीगी हे गाव मराठी वाचकाच्या परिचयाचे झाले ते वीणा गवाणकर यांच्या ‘एक होता कार्व्हर’ (१९८१) या चरित्रामुळे. भुईमुगाच्या आणि रताळ्याच्या त्या शास्त्रज्ञाला १८९६ मध्ये टस्कीगीला बोलावून घेणारे संस्थाप्रमुख बुकर टी. वॉशिंग्टन मात्र मराठी वाचकाच्या मनात कार्व्हरच्या मागे, किंचित अंधारात उभे राहिले आहेत. गुलाम म्हणून जन्मलेला मुलगा स्वतःच्या श्रमावर शिकतो, एका मोडक्या खोपटात शाळा काढतो आणि आपल्या समाजाचा सर्वमान्य पुढारी होतो, इतके त्यांच्याविषयी आपल्याला ठाऊक असते. त्यांचे ‘अप फ्रॉम स्लेव्हरी’ (१९०१) हे आत्मचरित्र ज्यांनी वाचलेले असते त्यांनीही ते बहुधा बोधकथा म्हणून वाचलेले असते. बोधकथा एकदा कळली की पुन्हा उघडून पाहण्याची गरज वाटत नाही. या आत्मचरित्राच्या वाट्याला जगभर जे दुर्लक्षयुक्त आदराचे स्थान आले आहे त्याचे कारण मला येथे दिसते.

प्रस्तुत लेखात या पुस्तकाकडे एका साध्या प्रश्नाच्या आधारे पाहावयाचे आहे. ही कथा कोणाला सांगितली आहे? आत्मचरित्राचा विचार करताना आपण निवेदकाच्या प्रामाणिकपणाची चर्चा खूप करतो. त्याच्या श्रोत्याची फारशी करीत नाही. वास्तविक आपल्या परंपरेत श्रोत्याचे भान प्राचीन आहे. ज्ञानेश्वरांनी नवव्या अध्यायाच्या आरंभी श्रोत्यांकडे अवधान मागितले, आणि त्या मागण्यातूनच पुढील निरूपणाचा सूर ठरत गेला. वॉशिंग्टन यांनाही श्रोत्याकडून काही हवे होते, आणि ते केवळ अवधान नव्हते.

पुस्तकाच्या जन्माची हकीकत या दृष्टीने उद्बोधक आहे. १९०० मध्ये वॉशिंग्टन यांचे ‘द स्टोरी ऑफ माय लाइफ अँड वर्क’ हे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले होते. ते वर्गणीदार गाठून विकले जाणारे पुस्तक होते आणि त्याचा ग्राहक मुख्यतः कृष्णवर्णीय होता. त्याच सुमारास ‘आउटलुक’ या प्रतिष्ठित साप्ताहिकात जीवनकथेचे दुसरे कथन क्रमशः येऊ लागले आणि १९०१ मध्ये ते ‘अप फ्रॉम स्लेव्हरी’ या नावाने ग्रंथरूप झाले. या दुसऱ्या पुस्तकाच्या लेखनात मॅक्स बेनेट थ्रॅशर या गौरवर्णीय पत्रकाराचे साहाय्य होते, आणि त्याचा वाचक होता उत्तरेकडील सुस्थित, धर्मशील, दानशूर गौरवर्णीय गृहस्थ. वर्षभराच्या आत एकच माणूस स्वतःचे आयुष्य दोन वेगळ्या श्रोत्यांना दोनदा सांगतो, ही गोष्ट आत्मचरित्राच्या अभ्यासकाने सहज ओलांडून जाण्यासारखी नाही. दुसऱ्या कथनाने आपले काम चोख बजावले. कोडॅक कंपनीचे जॉर्ज ईस्टमन यांनी पुस्तक वाचून ५,००० डॉलर पाठविले. १९०३ मध्ये अँड्र्यू कार्नेगी यांनी टस्कीगीला ६ लाख डॉलरची देणगी दिली. एखाद्या वाङ्मयकृतीचा हिशेब इतक्या उघडपणे जमाखर्चाच्या वहीत सापडावा, असे क्वचितच घडते.

हे सांगण्यात कृतीचे अवमूल्यन करण्याचा हेतू नाही. श्रोत्याच्या खिशाकडे लक्ष ठेवून लिहिलेले पुस्तक खोटेच असते असे मानणे हा एक भाबडेपणा आहे. प्रश्न असा आहे की, स्वावलंबनाची कथा जेव्हा दात्याला सांगावी लागते, तेव्हा त्या कथेच्या अंतरंगात काय घडते?

याचे उत्तर पुस्तकातील सर्वांत प्रसिद्ध प्रसंगातच मिळते. १८७२ मध्ये वॉशिंग्टन वेस्ट व्हर्जिनियातील माल्डन गावाहून हॅम्प्टनच्या शाळेकडे निघाले. अंतर सुमारे ५०० मैल. वाटेत रिचमंड शहरात पैसे संपले, तेव्हा रस्त्याकडेच्या फळ्यांच्या पदपथाखाली जमिनीवर झोपून त्यांनी रात्री काढल्या आणि दिवसा जहाजातील लोखंड उतरविण्याचे काम केले. हॅम्प्टनला पोहोचले तेव्हा खिशात ५० सेंट उरले होते. मुख्य अध्यापिका मेरी मॅकी यांनी या मळक्या मुलाला लगेच प्रवेश दिला नाही, नाकारलाही नाही. काही तासांनी त्यांनी शेजारची खोली झाडावयास सांगितली. मुलाने ती तीनदा झाडली, चारदा पुसली, बाके हलवून कोपरे साफ केले. बाईंनी येऊन रुमाल काढला, भिंतींच्या लाकडावर, टेबलांवर, बाकांवर फिरविला. त्यावर धुळीचा कण आला नाही आणि मुलाला प्रवेश मिळाला. ही आपली महाविद्यालयाची प्रवेशपरीक्षा होती, असे वॉशिंग्टन यांनी समाधानाने नोंदविले आहे.

प्रसंग मोठा कौशल्याने रचला आहे आणि त्याचा परिणाम निर्विवाद आहे. पण त्यातील रुमालाकडे पाहावे. श्रम मुलाचे आहेत. मात्र ते श्रम ‘गुण’ ठरतात ते दुसऱ्याच्या हातातील पांढऱ्या रुमालाने साक्ष दिल्यावर. संपूर्ण पुस्तकात हा रुमाल निरनिराळ्या रूपांनी पुन्हा पुन्हा येतो. कधी तो जनरल आर्मस्ट्राँग यांच्या शिफारसपत्राच्या रूपाने येतो, कधी अटलांटाच्या भाषणानंतर राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंड यांनी पाठविलेल्या पत्राच्या, कधी हार्वर्डने १८९६ मध्ये दिलेल्या सन्मान्य पदवीच्या, तर कधी १८९८ मध्ये टस्कीगीला भेट द्यायला आलेल्या राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली यांच्या रूपाने. शेवटची प्रकरणे तर वृत्तपत्रांच्या अभिप्रायांनी आणि मान्यवरांच्या पत्रांनी इतकी भरून गेली आहेत की, निवेदक स्वतः बोलावयाचे थांबला आहे असे वाटू लागते. कलादृष्ट्या हा पुस्तकाचा सर्वांत दुबळा भाग. मात्र या दुबळेपणाला त्याचे स्वतःचे तर्कशास्त्र आहे. ज्याची परीक्षा कधी संपतच नाही अशा माणसाने प्रमाणपत्रे जपून ठेवावीत, यात नवल ते काय?

मराठी वाचकाला या प्रसंगात आणखी एक गोष्ट अडखळविते. वॉशिंग्टन यांच्या दृष्टीने झाडू हे मुक्तीचे साधन आहे. गुलामगिरीने श्रमाला लांच्छन चिकटविले. सक्तीने राबणे वेगळे आणि आपण होऊन चांगले काम करणे वेगळे, हे शिकल्यावाचून माणूस मोकळा होत नाही, ही त्यांची धारणा होती आणि ती खोलवर विचार केलेली धारणा होती. आपल्याकडे मात्र झाडू जन्माने वाटून दिला गेला. ज्यांच्या हाती तो पिढ्यानपिढ्या राहिला त्यांनी खोल्या तीनदाच काय, तीनशेदा झाडल्या तरी त्यातून शाळेचे दार उघडले नाही. श्रमप्रतिष्ठेचा उपदेश कोण कोणाला करतो यावर त्याचा अर्थ अवलंबून असतो. गांधीजींनी १९०३ मध्ये ‘इंडियन ओपिनियन’मध्ये वॉशिंग्टन यांच्यावर गौरवपर लेख लिहिला, आणि पुढे फिनिक्सच्या वसाहतीपासून वर्ध्याच्या १९३७ च्या शिक्षण परिषदेपर्यंत हस्तश्रम व शिक्षण यांची जी सांगड त्यांनी घातली तिच्याशी या गौरवाचे नाते जोडता येते. पण सवर्ण मुलाने हाती घेतलेला झाडू आणि दलित मुलाच्या हाती आधीच असलेला झाडू हे एकच उपकरण नव्हे. हा भेद ध्यानात न घेता ‘अप फ्रॉम स्लेव्हरी’ आपल्या पाठ्यक्रमात ठेवले, तर ते एका वर्गाला प्रेरणा आणि दुसऱ्याला दटावणी वाटण्याचा संभव आहे.

आता या पुस्तकाच्या खऱ्या सामर्थ्याकडे वळावे. ते पहिल्या तीन-चार प्रकरणांत एकवटले आहे. व्हर्जिनियातील बरोज कुटुंबाच्या मळ्यावरील ती झोपडी, खिडक्यांना काच नाही, जमीन मातीची, मध्ये रताळी साठविण्याचा खड्डा. आई जेन सर्व मळ्याची स्वयंपाकीण. स्वतःची जन्मतारीख तर सोडाच, जन्मवर्षही निवेदकाला ठाऊक नाही. १८५८ किंवा १८५९ असावे असा अंदाज तो करतो. आता १८५६ हे वर्ष सर्वसाधारणपणे स्वीकारले जाते. जवसाच्या भरड तंतूंचा नवा सदरा अंगावर शेकडो काटे टोचावेत तसा बोचत असे, म्हणून थोरला भाऊ जॉन काही दिवस तो स्वतः घालून मऊ करून देई. गुलामगिरीत एका भावाने दुसऱ्यासाठी केलेले याहून मोठे औदार्य आपण ऐकले नाही, असे निवेदक म्हणतो. येथे दात्याचा कोठे मागमूस नाही. एका मुलाची कातडी दुसऱ्या मुलाच्या कातडीसाठी सोसते, एवढेच आहे, आणि ते कोणत्याही प्रमाणपत्राविना उभे राहते.

तसाच प्रसंग कोंबडीचा. आई मध्यरात्री मुलांना उठवून कोंबडी खाऊ घालते. ती कोठून आली? मालकाच्या मळ्यातूनच आली असणार. उभ्या पुस्तकात सचोटीचे पाठ देणारा हा लेखक येथे थबकतो. आज असे घडले तर आपण त्याला चोरी म्हणू. पण त्या काळी, त्या कारणासाठी घडलेल्या कृत्यामुळे आपली आई चोर ठरते हे कोणीही आपल्याला पटवू शकणार नाही, अशा आशयाचे तो लिहितो. नीतिवादी गद्याला येथे तडा जातो आणि त्यातून मुलगा बोलतो. मला हा पुस्तकातील सर्वांत निर्भय परिच्छेद वाटतो. अटलांटाच्या भाषणापेक्षाही.

आणि मुक्तीचा दिवस. मालकाच्या वाड्यासमोर सगळे गोळा झाले आहेत. कोणी परका माणूस एक लांबलचक कागद वाचून दाखवितो. आईच्या डोळ्यांतून पाणी वाहते आहे. ती वाकून मुलांचे मुके घेते आणि ज्या दिवसासाठी इतकी वर्षे प्रार्थना केली तो हाच, असे त्यांना समजावते. आनंदाचा कल्लोळ उसळतो. तो फार वेळ टिकत नाही. झोपड्यांकडे परतेपर्यंत चेहरे गंभीर झालेले असतात. घर, पोट, मुलांचे शिक्षण हे सारे प्रश्न काही तासांत अंगावर आलेले असतात. मग सत्तर-ऐंशी वर्षांचे म्हातारे गुलाम अंधारात एकेकटे, चोरपावलांनी वाड्याकडे परत जातात आणि आपल्या पूर्वीच्या मालकाशी दबक्या आवाजात पुढचे बोलणे करतात. निवेदक या दृश्यावर फारसे भाष्य करीत नाही. दक्षिणेकडील जमीनदाराला हे दृश्य आपल्या मायेचा पुरावा वाटले असेल. आपल्याला त्यात मुक्तीच्या कागदासोबत एक एकर जमीनही हाती न पडलेल्या माणसांची कोंडी दिसते. एकाच वाक्यसमूहात दोन्ही अर्थ राहू शकतात, हे लेखक म्हणून वॉशिंग्टन यांचे यश आहे. ते योजनापूर्वक होते की नाही, हा वाद निष्फळ आहे.

पित्याविषयी मात्र निवेदक दोन-चार वाक्यांतच आटोपते घेतो. वडील जवळपासच्या मळ्यावरचे कोणी गौरवर्णीय होते असे ऐकले, नाव कळले नाही, त्यांना आपण दोष देत नाही, तेही त्या संस्थेचेच बळी होते. येथे मराठी वाचकाला शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ (१९८४) आठवल्याखेरीज राहणार नाही. जो कलंक वॉशिंग्टन यांनी क्षमाशील वाक्यात गुंडाळून बाजूला ठेवला, तोच लिंबाळे यांनी ग्रंथाच्या शीर्षकस्थानी मांडला. हा दोन स्वभावांतील भेद आहे, तसाच दोन श्रोत्यांतीलही आहे. मराठी दलित आत्मकथने लिहिली गेली तेव्हा लेखकासमोर रुमाल घेऊन उभे असलेले कोणी नव्हते. आणि असलेच, तर त्याला दुखविण्याची लेखकाची तयारी होती. शंकरराव खरात यांच्या ‘तराळ-अंतराळ’ (१९८१) मधील वाटचाल बाह्यतः वॉशिंग्टन यांच्या वाटचालीशी बरीच मिळतीजुळती आहे. तराळकी करणाऱ्या घरातील मुलगा वकील होतो, लेखक होतो, मराठवाडा विद्यापीठाचा कुलगुरू होतो. तरीही शीर्षकातील ‘तराळ’ हा शब्द ‘अंतराळ’ या शब्दाच्या पोटात शिल्लक ठेवण्याचे भान खरातांना आहे. वॉशिंग्टन यांच्या शीर्षकात गुलामगिरी खाली राहून जाते. वर आलेला माणूस खाली पाहतो तो कृतज्ञतेने.

स्वावलंबन आणि शिक्षण यांचे हेच प्रश्न आपल्याकडे त्याच दशकांत वेगळ्या श्रोत्यासमोर मांडले जात होते. जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ १८७३ मध्ये प्रसिद्ध केली आणि गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांना ती अर्पण केली. त्याच वर्षी हॅम्प्टनमध्ये एक सतरा वर्षांचा मुलगा खोल्या झाडून आपल्या जेवणाखाण्याचा खर्च भागवीत होता. त्याचे नाव फुल्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. टस्कीगीची शाळा सुरू झाली १८८१ मध्ये. १८८२ मध्ये फुल्यांनी हंटर आयोगापुढे आपले निवेदन ठेवले. दोघांचा अभ्यासक्रम शेजारी ठेवला तर साम्य विस्मयकारक आहे. फुले लेखन, वाचन, हिशेब यांच्या जोडीला शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्य यांचे धडे मागतात; वॉशिंग्टन शेतकाम, सुतारकाम, स्नान आणि दात घासण्याचा ब्रश यांच्यावर भर देतात. पुस्तकी विद्येचा पोकळ डौल दोघांनाही मानवत नाही.

मग फरक कोठे पडतो? शाळेचा पैसा कोणाचा, या एका मुद्द्यावर. फुले आयोगाला सांगतात की, सरकारी तिजोरीत जमा होणारा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि तो खर्च होतो वरच्या वर्गांच्या शिक्षणावर. म्हणजे ते देणगी मागत नाहीत. आपल्याच पैशाचा हिशेब मागतात. वॉशिंग्टन यांच्या पुस्तकात हिशेब दिला जातो, मागितला जात नाही. अडीचशे वर्षे फुकट राबवून घेतलेल्या श्रमाचे देणे अमेरिकन समाज लागतो, हा विचार त्यांच्या मनात आला नसेल असे कसे म्हणावे? माल्डनच्या मिठाच्या भट्टीवर सावत्र वडिलांच्या पिंपांवर घातला जाणारा १८ हा आकडा त्यांनी आयुष्यात प्रथम ओळखलेले लिखित चिन्ह होते, असे तेच सांगतात. दुसऱ्याने मोजलेल्या श्रमाचा आकडा ही ज्याची पहिली बाराखडी, त्याला देण्याघेण्याचा हिशेब कळत नव्हता असे होणार नाही. दात्यासमोर तो मांडावयाचा नव्हता, इतकेच.

टस्कीगीच्या उगमाविषयी पुस्तक जे सांगते आणि जे सांगत नाही, त्यातून हे अधिक स्पष्ट होते. पुस्तकाप्रमाणे तेथील कृष्णवर्णीय लोकांनी राज्याच्या विधिमंडळाकडे अर्ज केला, आणि शिक्षकांच्या पगारापुरते वर्षाला २,००० डॉलर मंजूर झाले. अभ्यासकांनी नंतर दाखवून दिलेली हकीकत अशी की, १८८० च्या निवडणुकीत डब्ल्यू. एफ. फॉस्टर या गौरवर्णीय उमेदवाराने कृष्णवर्णीयांची मते मागितली, आणि पूर्वी गुलाम असलेले टस्कीगीचे कारागीर लुईस ॲडम्स यांनी त्या बदल्यात शाळा मागून घेतली. म्हणजे स्वावलंबनाच्या या सर्वांत गाजलेल्या विद्यालयाच्या पायाशी मताचा अधिकार होता. तो अधिकार तूर्त फार ताणू नये, आधी घर आणि धंदा उभा करावा, असे सुचविणाऱ्या पुस्तकात ही हकीकत येत नाही. ज्या १९०१ साली पुस्तक प्रसिद्ध झाले, त्याच साली अलाबामाने नवी राज्यघटना करून बहुसंख्य कृष्णवर्णीयांचा मताधिकार व्यवहारात काढून घेतला.

इतके म्हटल्यावर विटांच्या प्रकरणाविषयी लिहिले नाही तर मोठा अन्याय होईल. संस्थेला इमारती हव्या होत्या, गावात वीटभट्टी नव्हती. विद्यार्थ्यांना गुडघाभर चिखलात उभे राहून माती मळणे नको होते. शिकावयास आलो ते यासाठी का, असे त्यांचे म्हणणे. पहिली भट्टी फसली. दुसरी फसली. तिसरी जवळजवळ भाजून होत आली असताना ढासळली. हाती डॉलर नाही. वॉशिंग्टन यांनी माँटगोमेरीला जाऊन आपले घड्याळ १५ डॉलरला गहाण टाकले आणि चौथी भट्टी लावली. ती साधली. घड्याळ सोडवून घेण्याची मुदत टळून गेली आणि ते कायमचे गेले. पुढे त्या विटा विकत घ्यायला गौरवर्णीय शेजारी शाळेत येऊ लागले. १९ वर्षांत लहानमोठ्या ४० इमारती उभ्या राहिल्या, आणि चार सोडल्या तर बाकीच्या जवळजवळ सर्वस्वी विद्यार्थ्यांच्या हातच्या. येथे गद्याला जी घट्ट, कोरडी, भाजलेल्या मातीसारखी पकड आहे ती अन्यत्र क्वचित आढळते. श्रमाविषयीचे अनुभवसिद्ध लेखन कसे असते हे विद्यार्थ्यांना दाखवावयाचे असेल तर मी या प्रकरणाकडे बोट दाखवीन. येथे परीक्षक भट्टी आहे. तिला कोणाचा रंग कळत नाही.

१८ सप्टेंबर १८९५ च्या अटलांटा येथील भाषणाची चर्चा इतकी झाली आहे की तिच्यात फार रेंगाळण्याचे कारण नाही. सामाजिक व्यवहारात हाताच्या बोटांसारखे वेगळे आणि परस्परांच्या प्रगतीसाठी हातासारखे एक, या दृष्टान्ताने गौरवर्णीय दक्षिण सुखावली. त्या वेळी डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांनीही वॉशिंग्टन यांचे अभिनंदन केले होते. तेच डुबॉइस १९०३ मध्ये ‘द सोल्स ऑफ ब्लॅक फोक’मध्ये त्यांचे सर्वांत मर्मग्राही टीकाकार झाले. राजकीय सत्ता, नागरी हक्क आणि उच्च शिक्षण या तिन्हींवर पाणी सोडून मिळविलेले स्वावलंबन टिकणार कसे, हा त्यांचा प्रश्न अजूनही अनुत्तरित नाही असे म्हणवत नाही. परंतु परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत या दोघांना समोरासमोर उभे करून एकाला नमते घेणारा आणि दुसऱ्याला लढवय्या ठरविण्याची जी प्रथा पडली आहे, तिला लुई हार्लन यांच्या संशोधनाने छेद दिला. हार्लन यांनी १९७२ ते १९८९ या काळात वॉशिंग्टन यांची कागदपत्रे १४ खंडांत संपादित केली. त्यांतून उघड झाले की, अलाबामाच्या नव्या राज्यघटनेला आव्हान देणाऱ्या, १९०३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकालात काढलेल्या जाइल्स खटल्याचा खर्च वॉशिंग्टन गुप्तपणे पुरवीत होते आणि त्याविषयीचा पत्रव्यवहार सांकेतिक नावांनी चालत होता. त्याच कागदपत्रांतून हेही दिसते की, आपल्या विरोधकांची वृत्तपत्रे आणि नेमणुका यांवर ते तितक्याच गुप्तपणे दाब आणीत. ‘अप फ्रॉम स्लेव्हरी’चा सरळ, पारदर्शक, निर्मत्सर निवेदक ही म्हणूनच एक मोठी वाङ्मयीन निर्मिती मानली पाहिजे. हा निवेदक घडविणारा माणूस त्याच्याहून पुष्कळ गुंतागुंतीचा, कधी अधिक धाडसी आणि कधी अधिक निष्ठुर होता. राल्फ एलिसन स्वतः टस्कीगीचे विद्यार्थी. त्यांच्या ‘इन्व्हिजिबल मॅन’ (१९५२) या कादंबरीत गुलामाच्या डोक्यावरील आच्छादन धरून उभ्या असलेल्या संस्थापकाचा पुतळा येतो, आणि ते आच्छादन उचलले जात आहे की अधिक घट्ट दाबले जात आहे हे नायकाला ठरविता येत नाही. वॉशिंग्टन यांच्यावरील टीकावाङ्मयात या पुतळ्यापेक्षा नेमके काही लिहिले गेले आहे असे मला वाटत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर जुलै १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले आणि १९१६ पर्यंत तेथे होते. वॉशिंग्टन यांचे निधन १४ नोव्हेंबर १९१५ चे. एका पर्वाचा अस्त तरुण आंबेडकरांनी त्याच देशात राहून पाहिला. पुढे १९२४ मध्ये त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापिली तेव्हा वसतिगृहे आणि वाचनालये यांना तिच्या कार्यात अग्रस्थान होते, आणि तीन वर्षांत महाडचे चवदार तळे आले. शिक्षण आधी की हक्क आधी, हा वॉशिंग्टन यांच्या पुस्तकाला शेवटपर्यंत न सुटलेला क्रम आंबेडकरांनी क्रम म्हणून मानलाच नाही. १९४६ मध्ये संयुक्त राष्ट्रांकडे न्यावयाच्या कृष्णवर्णीयांच्या अर्जाची प्रत मागण्यासाठी त्यांनी अमेरिकेत पत्र पाठविले ते डुबॉइस यांना. त्याच वर्षी मुंबईत त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले, हेही त्या पत्राशेजारी ठेवून वाचावे.

पुस्तकातील एका उल्लेखाकडे अखेर लक्ष वेधावयाचे आहे. माल्डनमध्ये लहानपणी पाहिलेल्या एका दंगलीचे वर्णन वॉशिंग्टन करतात. गौरवर्णीय आणि कृष्णवर्णीय यांच्या त्या झुंजीत मध्ये पडलेले जनरल रफनर इतके जखमी झाले की ते पुरते कधीच सावरले नाहीत. कू क्लक्स क्लॅनच्या त्या दिवसांविषयी लिहून झाल्यावर निवेदक वाचकाला दिलासा देतो की, आता दक्षिणेत अशा संघटना उरलेल्या नाहीत आणि त्या कधी होत्या हेही लोक विसरत चालले आहेत. क्लॅनचे पुनरुज्जीवन अटलांटाजवळच्या स्टोन माउंटनवर झाले, २५ नोव्हेंबर १९१५ च्या रात्री, वॉशिंग्टन यांच्या मृत्यूनंतर ११ दिवसांनी. जमावाने केलेल्या हत्यांविषयी त्यांचे पुस्तक जवळजवळ मौन पाळते. त्या हत्यांची पद्धतशीर नोंद ठेवण्याचे काम मात्र टस्कीगीच्याच अभिलेख विभागाने, त्यांच्या हयातीतच अंगावर घेतले, आणि समाजशास्त्रज्ञ मन्रो वर्क यांनी ते अनेक वर्षे चिकाटीने केले. १८८२ ते १९६८ या काळातील त्या नोंदींत ४,७४३ बळी आहेत. त्यांपैकी ३,४४६ कृष्णवर्णीय.